टीव्हीवरचं किचन आणि हायवेवरची भट्टी

प्रश्न असा आहे. बारावी झालेल्या एका मुलाला नागपूर-अमरावती रस्त्यावर, कारंजा (घाडगे) ते तळेगाव या पट्ट्यात, साठ खुर्च्यांच्या हॉटेलात काम मिळतंय. हुद्दा ठरलेला नाही, "सगळंच पाहा लागन" एवढीच बोली झाली आहे. घरी स्वयंपाकाच्या स्पर्धा बघतात. मालक वेश बदलून आपल्याच कामगारांत मिसळतो, तो परदेशी कार्यक्रमही या मुलानं पाहिलाय. तो विचारतो की खरं काम यातलं किती? आणि मालकानं असं वेश बदलून पाहिलं तर कामगारांचे हाल त्याला कळतील का?

टीव्हीवर दिसतं ते खोटं नसतं, वेचलेलं असतं. दिवसभराच्या चित्रीकरणातून पाऊण तास काढायचा म्हटल्यावर वेचणारा माणूस भडकल्याचे, रडल्याचे, हात थरथरल्याचे क्षण ठेवणार आणि कांदा चिरण्याचे दोन तास फेकून देणार. स्पर्धक कॅमेऱ्यासमोर बसून 'तेव्हा मला काय वाटलं' सांगतो, तेही मागाहून वेगळं बसवून घेतलेलं असतं. त्यामुळे तिथे काहीही बिघडलं तरी ते कुणाच्या तरी स्वभावानं बिघडल्यासारखं दिसतं. हॉटेलात ज्या दिवशी बोंब होते, त्या दिवशी मुळाशी गेलं तर भलतंच सापडतं. चणे रात्री भिजत घातलेच नव्हते. गल्ल्यात दहाच्या नोटा नव्हत्या. दुसरा सिलिंडर जोडलेला नव्हता. पोळ्या करणारी बाई कापूस वेचायला गेली होती. यात खलनायक कुणीच नाही, म्हणून टीव्हीला त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे 'मास्टरशेफ इंडिया' २०१० मध्ये सुरू झालं. तिथला स्पर्धक हौशी असतो, कोठी गच्च भरलेली असते आणि ताट एकदाच करायचं असतं. हॉटेलची अडचण नेमकी उलटी. तेच ताट दिवसात दीडशे वेळा, शेवटचं पहिल्यासारखं, आणि कोठीत उरलंय तेवढ्यातच. ब्रिटिश शेफ गॉर्डन रॅम्झे यांचा बुडत्या हॉटेलांचा कार्यक्रम (ब्रिटनमध्ये २००४, अमेरिकेत २००७) शिवीगाळीसाठी गाजला. पण त्यातल्या दोन गोष्टी अस्सल आहेत: ते फ्रीज उघडून बघत आणि मेनू छोटा करायला लावत. ओरडणं वजा करा, तेवढं घ्या.

हॉटेलचा दिवस आदल्या रात्रीच सुरू होतो. तर्री-पोह्यांचं, म्हणजे चण्याच्या तिखट रश्शासोबतच्या पोह्यांचं घ्या. सकाळी सहाला पहिली प्लेट द्यायची तर चणे रात्री आठच्या आत पाण्यात पडायला हवेत. आठ तास भिजले की एक किलोचे दोन किलोंच्या वर होतात. विसरले, तर सकाळी सोडा टाकून शिट्ट्या वाढवायचा मोह होतो. मग साल सुटतं, आतला दाणा कचकच लागतो आणि तर्री गढूळ होते. पोहे जाडेच घ्यायचे आणि एका वेळी दोन किलोंच्या वर भिजवायचे नाहीत. चाळणीत घेऊन पाणी ओतायचं, निथळू द्यायचं, दहा मिनिटं झाकून ठेवायचं. पाच किलो एकदम गंजात (मोठ्या पातेल्यात) भिजवले की खालचे लगदा होतात आणि वरचे कोरडे राहतात. किलोभर कोरड्या पोह्यांत दीडशे ग्रॅमच्या पंधरा-सोळा प्लेटा निघतात. अठरा-वीस निघत असतील तर प्लेट मार खातेय, बारा निघत असतील तर हात सैल आहे. तर्रीवर लाल तवंग हवा असेल तर मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा आणि पाणी उकळतंच घालायचं. पाण्याची घाई केली की मसाला कच्चा राहतो, आणि वरून कितीही तिखट तेल सोडलं तरी ती चव झाकली जात नाही.

नवीन माणसाच्या वाट्याला पहिले काही महिने हेच येतं: कांदे सोलणं, लसूण, सांबार (कोथिंबीर) निवडणं, मिरच्यांची देठं, टेबल पुसणं. दहा किलो कांदा सोलून चिरायला नवख्याला दीड-दोन तास लागतात, सरावाचा माणूस पाऊण तासात मोकळा होतो. पाटाखाली ओलं फडकं ठेवा, पाट सरकत नाही. सुरी बोथट असेल तर धार लावून मागा. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि बोटं कापतात ती बहुतेक त्याच वेळी. टीव्हीवरचा चटचट चालणारा हात शिकायची घाई करू नका. वस्तादाला, म्हणजे मुख्य आचाऱ्याला, तुकडे एकसारखे हवे असतात, कारण बारीक-जाड कांदा एकाच कढईत टाकला की बारीक जळतो आणि जाड कच्चा राहतो.

ग्रेव्हीचं काम दुपारच्या मंद वेळेत होतं, आणि हॉटेलातला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. कांदा-टमाट्याची वीस किलो ग्रेव्ही शिजवून गंजात झाकून ठेवली की मधली ग्रेव्ही रात्रीपर्यंत कोमटच राहते. ५ ते ६० अंशांच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्यानं वाढतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात किचनची हवाच पंचेचाळीसच्या पुढे असते. नियम असा: गरम अन्न दोन तासांत ६० वरून २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आलं पाहिजे. करायचं कसं? गंज रिकामा करायचा. ग्रेव्ही दोन-तीन इंच खोलीच्या पसरट कोपरांत (परातींत) ओतायची, कोपर थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवायचे, मध्ये मध्ये हलवायचं, वाफ गेली की फ्रीजमध्ये. गरम गंज तसाच फ्रीजमध्ये घातला तर शेजारचं दूध आणि पनीरही तापतं. दुसऱ्या दिवशी वापरताना लागेल तेवढीच काढून निदान ७५ अंशांपर्यंत गरम करायची; खदखद उकळली की तेवढी नक्की झाली. उरलेली परत फ्रीजमध्ये, परत गरम, असा खेळ चालत नाही. डब्यावर तारीख टाकायची. हे दिसायला अगदी कंटाळवाणं काम आहे. कोणताही कॅमेरा त्यावर दोन सेकंदही थांबणार नाही.

आता टीव्हीवरच्या घड्याळाचं बोलू, कारण हॉटेलातही घड्याळ असतं, फक्त ते ड्रायव्हरच्या हातात असतं. बस आत वळते. वीस मिनिटांचा थांबा, पंचेचाळीस माणसं. पहिली चार-पाच मिनिटं काउंटर रिकामा असतो, कारण सगळे मुतारीकडे आणि नळाकडे गेलेले असतात. नवखा पोरगा या वेळात उभा राहतो. जाणता माणूस याच वेळात अर्धं काम उरकतो. तीस कप चहा धरा. ऐंशी मिलीचा कप म्हटलं तर २.४ लिटर चहा हवा. दीड लिटर दूध, सव्वा लिटर पाणी, साठ ग्रॅम पत्ती, सव्वादोनशे ग्रॅम साखर. पाणी-पत्ती-साखर आधीच उकळून बाजूला असते, बस वळली की दूध पडतं. आलुबोंडे आधी पाऊण तळून ठेवलेले असतात, आता दोन मिनिटांचं दुसरं तळण. तेल १७५ अंशांच्या आसपास हवं. कमी तापलं असेल तर बोंडा तेल पितो, जास्त तापलं तर वरून काळा आणि आत थंड. कढईत एकदम चाळीस बोंडे सोडले की तेलाचं तापमान धाडकन खाली येतं, म्हणून पंधरा-पंधराचे घाणे काढायचे. काउंटरवर दोन माणसं: एक पैसे घेऊन टोकन देणार, दुसरा टोकन घेऊन प्लेट देणार. एकाच माणसानं दोन्ही केलं तर पैशाचा हात प्लेटला लागतो आणि रांग दाराबाहेर जाते. बस असेपर्यंत मेनू तीनच पदार्थांचा: पोहे, बोंडा, चहा. कुणी मसाला डोसा मागितला तर "बस सुटन भाऊ, पोहे घ्या" असं सरळ सांगायचं. डोसा लावून त्याची बस चुकवणं ही सेवा नव्हे.

बाराव्या-तेराव्या मिनिटाला दुसरी लाट येते, पार्सल आणि पाण्याच्या बाटल्यांची. तिथे अडतं ते सुट्या पैशांवर. हॉर्न वाजतोय, बाई पाचशेची नोट धरून उभी आहे, बिल चाळीसचं. सकाळी गल्ल्यात दोन हजारांची सुरुवात असेल तर ती अशी लावावी: दहाच्या पन्नास नोटा, वीसच्या पंचवीस, पन्नासच्या दहा, शंभरच्या पाच. पाचशेची एकही नको, ती आपोआप येते. मोबाइलच्या पैशांना साउंड बॉक्सचा आवाज ऐकू आल्याशिवाय प्लेट सोडायची नाही. गिऱ्हाइकानं दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. जुना किंवा बनवलेला स्क्रीनशॉट दाखवून सटकणं सर्रास चालतं. नेटवर्क गेलं आणि त्याच्या खात्यातून पैसे कापले, आपल्याकडे आले नाहीत, तर भांडायचं नाही. व्यवहाराचा क्रमांक लिहून घ्यायचा. दुकानदाराला केलेला असा अडकलेला यूपीआय व्यवहार पाच दिवसांत आपोआप उलटला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हे गिऱ्हाइकाला शांतपणे सांगता आलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

रात्रीचा हिशेब कोणत्याही कार्यक्रमात दिसत नाही, आणि नोकरी बहुतेक त्याच्यावरच टिकते किंवा जाते. उदाहरण घ्या. सुरुवात २,०००. दिवसाची बिलं १८,४००. त्यातले मोबाइलवर ९,६५०, उधारी ४५०. गल्ल्यातून दूध-भाजीला दिले १,२००. म्हणजे गल्ल्यात ९,१०० निघायला हवेत. कमी निघाले तर आधी तूट किती ते बघा. तूट एखाद्या पदार्थाच्या किमतीएवढी असेल तर बिल फाटलं आणि पैसे घ्यायचे राहिले, किंवा सुटे देताना तेवढी नोट जास्त गेली. तुटीला नवानं भाग जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झाली आहे: मोबाइलचे ९,६५० लिहायच्या जागी ९,५६० लिहिले की नव्वद कमी दिसतात. हे तपासून होईपर्यंत कुणावर चोरीचा आळ घेऊ नये आणि आपल्यावर घेऊ देऊ नये. सांगण्याची संधी न देता पगारातून तूट कापणं कायद्यात बसत नाही. प्रत्यक्षात कापतात, म्हणून आपली चिठ्ठ्यांची कार्बन प्रत महिनाभर जपून ठेवावी.

भांडी घासायची जागा. इथे पगार सगळ्यात कमी आणि हॉटेल सगळ्यात जास्त हिच्यावर अवलंबून. साठ खुर्च्यांच्या हॉटेलात ताटं साधारण नव्वद-शंभर असतात. दुपारच्या गर्दीत ती पाऊण तासात एकदा फिरून धुऊन यावी लागतात. एक हात थांबला की वीस मिनिटांनी बाहेर "ताटं नाहीत" अशी हाक येते आणि शिव्या वेटरला बसतात. पद्धत ठरलेली आहे: खरकटं काढणं, साबणाचं पाणी, साधं पाणी, मग क्लोरीनचं पाणी, शेवटी उभी करून निथळणं. पाच टक्क्यांचं ब्लीच दहा लिटर पाण्यात वीस मिली टाकलं की १०० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत शंभर भाग क्लोरीन होतं. डोळ्यानं ओतू नका, टोपणानं मोजा. साबणाचं पाणी तेलकट झालं की बदला. पाणी वाचवण्यासाठी तेच पाणी दुपारभर चालवलं तर ताटाला वास येतो, आणि आपल्या पट्ट्यात उन्हाळ्यात बोअर आटते तेव्हा हीच पहिली काटकसर होते. ती करू नये. त्यापेक्षा पत्रावळी आणाव्यात.

गॅसबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हॉटेलसाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर भट्टीला लावणं बेकायदा आहे. मोठी भट्टी एकाच सिलिंडरवर जोरात चालवली की आतला द्रव झपाट्यानं वाफ होत थंड पडतो, सिलिंडरच्या अंगावर दव, कधी बर्फ धरतो आणि जाळ खाली बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हे हमखास होतं. मग कुणीतरी सिलिंडर आडवा करतं. असं कधीही करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रवच नळीत येतो आणि बर्नरवर भडका उडतो. विस्तवाजवळ नेणंही तसंच घातक. इलाज एकच: दोन किंवा चार सिलिंडर एकत्र जोडायचे, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी होतो. भट्टीचा वॉल्व्ह बंद करून बाहेरचा मुख्य वॉल्व्हही रात्री बंद झाला पाहिजे. तो कोण करतो हे पहिल्याच दिवशी विचारा. 'सगळेच करतात' असं उत्तर आलं तर कुणीच करत नाही असं समजा.

लाइट गेली तर डीप फ्रीजर उघडायचा नाही. गच्च भरलेला बंद फ्रीजर जवळजवळ दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, साधा फ्रीज चारेक तास. दर दहा मिनिटांनी 'पाहून घेऊ' म्हणत झाकण उघडणाराच माल खराब करतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको, पण भट्टीसमोरच्या माणसाला तहान लागेपर्यंत थांबणं परवडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, घाम फार गेला असेल तर मीठ-साखर-लिंबू. पायात गोळे, मळमळ, डोकं गरगरणं दिसलं की त्या माणसाला सावलीत बसवा. बोलणं असंबद्ध झालं, अंग तापलेलं आणि शुद्ध हरपत असेल तर अंगावर पाणी टाकत, वारा घालत १०८ ला फोन करायचा. 'जरा पड, बरं वाटंल' म्हणत कोपऱ्यात झोपवायचं नाही.

ओरडण्याचा प्रश्न राहिला. गर्दीत किचनमध्ये आवाज चढतो आणि चढायलाच हवा: "गरम आलं, गरम!", "मागं हो!", "चार नंबरची थाळी झाली!" हे ओरडणं भाजण्यापासून वाचवतं. आई-बहिणीवरून शिव्या देणं वेगळं. टीव्हीवर अपमान गिळून स्पर्धक पुढच्या फेरीत जातो. इथे भांडेवाली मावशी दुसऱ्या दिवशी येत नाही आणि तिच्या जागी कुणी मिळत नाही. ग्रामीण विदर्भात हॉटेलला माणसं कमी पडतात ती शेतीच्या दिवसांनी. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर असते, हात चालणारी बाई पोळ्यांपेक्षा तिथे जास्त कमावते आणि संध्याकाळी लवकर घरी जाते. वरूड-मोर्शीकडे संत्र्याची तोड, भंडारा-गोंदियाकडे पावसाळ्यात धानाची रोवणी आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. शहाणा मालक या दिवसांत पोळ्यांची वेळ बदलतो: पहाटे दोन तास आणि संध्याकाळी दोन तास, मधला दिवस बाईला मोकळा. किंवा तेवढे दिवस भाकरी-पोळीऐवजी भातावर भर देतो. एक किलो तांदळाच्या दोनशे ग्रॅमच्या तेरा-चौदा प्लेटा होतात आणि त्याला एकच माणूस लागतो. ज्या मालकाला हे उमगत नाही तो 'आजकाल लोकांना कामच नको' म्हणत बसतो.

आणि गर्दीचं गणितही शेतीवरच. आठवडी बाजाराचा दिवस, कापसाचा चुकारा मिळाल्यानंतरचे दिवस, लग्नाच्या तिथी: या दिवशी दीडपट माल लागतो. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून नागपूरहून मुंबईकडे जाणारी बरीच वाहनं या जुन्या रस्त्यानं येत नाहीत, म्हणून या पट्ट्यातल्या हॉटेलांना आता गावकीचं गिऱ्हाईक सांभाळणं जास्त गरजेचं झालंय. हे गिऱ्हाईक रोज येतं, चव लक्षात ठेवतं, उधारी करतं आणि वेटरला नावानं हाक मारतं. त्याच्याशी वागायची तऱ्हा वेगळी. वयानं मोठ्याला 'काकाजी', बाईला 'मावशी' किंवा 'ताई', आणि पाण्याचा ग्लास ऑर्डरच्या आधी.

आता वेश बदलणाऱ्या मालकाकडे. 'अंडरकव्हर बॉस' हा कार्यक्रम ब्रिटनमध्ये २००९ साली चॅनल फोरवर सुरू झाला, पुढच्याच वर्षी अमेरिकेत सीबीएसवर. ठरलेला साचा असा: मोठ्या कंपनीचा प्रमुख मिशा-विग लावून काही दिवस खालची कामं करतो, कामगारांना सांगितलेलं असतं की कॅमेरे वेगळ्याच कुठल्या कार्यक्रमासाठी आहेत, आणि शेवटी तो ओळख उघड करून निवडक चार-पाच जणांना पैसे, सहली, मुलांच्या शिक्षणाची मदत देतो. बघताना डोळ्यांत पाणी येतं. पण नीट बघा, मिळतं कुणाला? ज्याच्या वाट्याला मालक आला त्याला. ज्यानं आपल्या घरची अडचण कॅमेऱ्यासमोर सांगितली त्याला. बाकीच्या हजारोंच्या पगारपत्रकात त्या भागानं काय बदललं, ते भाग संपेपर्यंत कळत नाही. कामाचे तास ठरलेले नसणं ही जर अडचण असेल तर एका माणसाला सहल देऊन ती सुटत नाही, वेळापत्रक लावून सुटते.

आपल्या तालुक्यात तर वेश बदलायची सोयही नाही. मालकाच्या गाडीचा आवाज फाट्यावरूनच ओळखू येतो. आणि गरजही नाही. मालकाला हाल बघायचेच असतील तर त्यानं उघड चेहऱ्यानं चार जागी उभं राहावं. बाजाराच्या दिवशी दुपारी एक ते दोन भांड्यांच्या जागेवर स्वतः ताटं घासावीत. कंबर कुठे दुखते ते कळेल आणि ओटा चार इंच वर घ्यायला हवा हेही कळेल. कामगारांची मुतारी वापरावी. कामगारांचं जेवण त्यांच्याच वेळी, म्हणजे साडेतीन-चारला, उरलेल्या भाजीसोबत जेवावं. आणि खरकट्याच्या बादल्या तोलाव्यात: ताटातून परत आलेलं एका बादलीत, किचनमध्ये वाया गेलेलं दुसऱ्या बादलीत. हप्ताभर वजन लिहिलं की मेनूचा निकाल हातात येतो. भात परत येतोय म्हणजे प्लेट मोठी आहे. रस्सा परत येतोय म्हणजे तिखट-मीठ बिघडलंय. अर्धी पोळी परत येतेय म्हणजे ती भाजीनंतर दहा मिनिटांनी, थंड पोहोचतेय, आणि तो दोष पोळीवाल्या मावशीचा नाही, ऑर्डर पुकारणाऱ्याचा आहे.

एक आडवी गोष्ट, पण सांगायला हवी. ढाबे आणि हॉटेलांत चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर जवळपास सगळ्याच कामांत. त्याच कायद्यानं अटी घालून मुलांना टीव्ही-जाहिरातींत कलाकार म्हणून काम करू दिलंय. म्हणजे टीव्हीवर लहान मुलगा कढई हलवतो तेव्हा टाळ्या, आणि ढाब्यावर हलवली तर गुन्हा. यात विसंगती वाटली तरी कायद्याचं बरोबर आहे. ढाब्यावरच्या पोराला रात्री अकराला घरी नेणारं कुणी नसतं. तुमच्या हॉटेलात कुणी 'बारक्या' दिसला तर १०९८ हा बालमदतीचा क्रमांक आहे.

कामाला लागायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. काम वाईट नाही. वर्षभर भट्टी, काउंटर आणि हिशेब तिन्ही नीट शिकलेला मुलगा कुठेही उपाशी राहत नाही, आणि पुढे स्वतःचा नाश्त्याचा ठेला टाकायचा असेल तर याहून चांगली शाळा नाही. पण 'सगळंच पाहा लागन' या बोलीवर जाऊ नका. वडिलांना सोबत न्या आणि मालकाशी बसून बोला. पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला आणि खात्यात की हातात? हप्त्याची सुट्टी कोणत्या वारी? (रविवार मिळणार नाही, बाजाराचा वारही नाही, हे धरून चला.) रात्री उशीर झाला तर घरी कसं जायचं, की राहायची सोय आहे? जादा तास धरले जातात का, कशानं लिहिले जातात? टिपा एका डब्यात जमतात की ज्याच्या त्याच्या खिशात, आणि डब्यात जमत असतील तर भांडेवाल्या मावशीचा त्यात वाटा आहे का? वर्षाची वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस अन्न हाताळणाऱ्याला लागते, तिचा खर्च कोण करतं? भिंतीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असतो, तो आहे का तेही बघून घ्या. मालक या प्रश्नांवर चिडला तर तिथेच समजून घ्या. वही काढून उत्तरं देऊ लागला तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जा, बूट बंद आणि न घसरणारे घाला, आणि नखं कापून जा.